‘मी कुठे युद्धावर गेलो होतो?’

सप्रेम नमस्कार,

आम्ही क्वीन्समध्ये राहतो. धाकट्या मुलाबद्दल लिहिते आहे, त्याला इथे ओंकार म्हणते. कॉलेजच्या फीला हातभार लागेल म्हणून तो न्यूयॉर्कच्या नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे राज्याच्या राखीव फौजेत, भरती झाला. महिन्यातून एक शनिवार-रविवार आणि उन्हाळ्यात दोन आठवडे, एवढंच काम, असं म्हणाला होता. २०२०च्या मार्चमध्ये बोलावणं आलं तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. त्या दिवसांत शहरात माणसं घरातच दगावत होती आणि त्यांना खाली आणायला पुरेसे हात नव्हते. ओंकार त्या पथकात होता. पांढरा सूट चढवायचा, चार-चार मजले जिना चढून जायचं आणि देह घेऊन उतरायचं. त्या मुलांना हॉटेलात ठेवलं होतं. मी डबा घेऊन जायचे, तो काचेपलीकडून हात करायचा.

आता वरवर सगळं ठीक दिसतं. पण कुठल्याही जिन्यात शिरला की तो श्वास रोखून धरतो, हे मी पाहिलं आहे. घर मुद्दाम तळमजल्यावर घेतलं. रात्री टीव्ही चालू ठेवून सोफ्यावर पडून असतो. दोन नोकऱ्या सोडल्या. गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या आजी वारल्या, तर आठवडाभर त्याने फोन उचलला नाही. मध्यंतरी त्याने स्वतःहून एका सरकारी कार्यालयात फोन केला होता. ‘तुम्ही व्हेटरन नाही, तुम्हाला काही मिळणार नाही,’ असं उत्तर आलं. तेव्हापासून विषय काढला की एकच वाक्य : ‘आई, मी कुठे युद्धावर गेलो होतो?’ त्याचे बाबा म्हणतात, काळ हेच औषध.

एक मैत्रीण सांगत होती की कायदा बदलला आहे, आता अशा मुलांनाही समुपदेशन मिळतं. हे खरं आहे का? आणि खरं असलं, तरी त्याला तिथवर न्यायचं कसं?

— एक आई, क्वीन्स

*

ताई,

तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं खरं आहे. ओंकारला समुपदेशनाचा हक्क आहे, त्यासाठी एक पैसाही पडत नाही, आणि कायद्यातली ती ओळ वाचली की वाटतं, ही ओळ अगदी त्याच्यासारख्या मुलांकडे बघूनच लिहिली असावी. तुम्हाला नीट सांगता यावं म्हणून हे जरा सविस्तर लिहिते. कारण त्या एका फोनवर ऐकलेला नकार त्याच्या मनात घट्ट बसला आहे. तो निघायचा तर ‘जाऊन तर बघ’ एवढ्याने भागणार नाही. नेमकं काय, कुठे आणि कशाच्या आधारावर, हे तुमच्या हातात असायला हवं.

ऑक्टोबर २०२०मध्ये ‘व्हेट सेंटर एलिजिबिलिटी एक्सपान्शन अ‍ॅक्ट’ नावाचा कायदा झाला. तो काय म्हणतो, ते साध्या शब्दांत असं : राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केलेल्या राष्ट्रीय आणीबाणीत किंवा मोठ्या आपत्तीत ज्या सैनिकाने काम केलं, किंवा राज्याच्या गव्हर्नरच्या हुकमावरून त्याच राज्यातल्या आपत्तीत जो नॅशनल गार्डचा जवान म्हणून उतरला, त्यालाही व्हेट सेंटरमध्ये, म्हणजे सैनिकांसाठीच्या समुपदेशन केंद्रात, समुपदेशन मिळेल. तो सध्या सेवेत असो वा बाहेर पडलेला असो. युद्धभूमीची अट नाही. आता तारखा जुळवून बघा. कोविडची राष्ट्रीय आणीबाणी १३ मार्च २०२०ला जाहीर झाली. त्यानंतर आठवड्याभरात, २० मार्चला, न्यूयॉर्कसाठी ‘मोठी आपत्ती’ जाहीर झाली. ओंकारला बोलावलं ते याच दिवसांत. त्याचा हुकूम वॉशिंग्टनहून निघाला असो की आल्बनीहून, म्हणजे राज्याच्या राजधानीतून, तो या ओळीत बसतो.

मग त्या कार्यालयाने ‘नाही’ का म्हटलं? तिथे फोन उचलणाऱ्या व्यक्तीने बहुधा वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर दिलं. ‘व्हेटरन’, म्हणजे माजी सैनिक, कोण, याची कायद्यातली व्याख्या बरीच अरुंद आहे, आणि माजी सैनिकांच्या केंद्रीय खात्याच्या, म्हणजे व्हीएच्या इस्पितळांत नाव नोंदवायचं तर ती व्याख्या लागू होते. नॅशनल गार्डचा माणूस कधी निव्वळ राज्याच्या हुकमावर काम करतो, कधी केंद्राच्या पैशाने पण गव्हर्नरच्या ताब्यात राहून (ज्याला ही मुलं ‘टायटल ३२’ म्हणतात), आणि कधी पूर्णपणे केंद्राच्या हुकमावर (‘टायटल १०’). इस्पितळाच्या खिडकीवर साधारणपणे यातला शेवटचा प्रकारच मोजला जातो. म्हणजे चौथ्या मजल्यावरून देह उतरवणारी दोन मुलं एकाच स्ट्रेचरला हात लावून असतील आणि कागदावर एक व्हेटरन ठरेल, दुसरा ठरणार नाही. मला हे मनापासून चूक वाटतं. २०२०च्या मे महिन्यात याच्याशी जोडलेला एक गदारोळही झाला होता. गार्डच्या कोविड-सेवेचे हुकूम संपण्याची जी तारीख ठरली होती, तिच्यामुळे अनेकांचे ८९ दिवस भरत होते, आणि काही सवलतींसाठी ९० दिवस लागत होते. बातम्या आल्या, ओरड झाली, मग मुदत ऑगस्टपर्यंत वाढली. ओंकारला हे सगळं ठाऊक असणार. ‘आपल्याला मोजत नाहीत’ असं त्याला वाटत असेल, तर ते हवेतून आलेलं नाही.

पण व्हेट सेंटर म्हणजे इस्पितळ नव्हे, आणि तिथे ती अरुंद व्याख्या चालत नाही. ही केंद्रं व्हीएचीच, पण मुद्दाम इस्पितळापासून लांब, बाजारपेठेत, दुकानांच्या रांगेत, साध्या इमारतीत असतात. देशभरात अशी सुमारे ३०० आहेत. तुमच्या क्वीन्समधलं वुडहेवनला आहे. मॅनहॅटन, ब्रूकलिन, ब्राँक्स, स्टॅटन आयलंड, सगळीकडे आहेत, म्हणजे ओळखीचं कुणी भेटेल अशी धास्ती असेल तर तो शहराच्या दुसऱ्या भागातल्या केंद्रातही जाऊ शकतो. तिथे जायला व्हीएमध्ये नाव नोंदलेलं नसलं तरी चालतं. अपंगत्वाचा टक्का लागत नाही, डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, कुठल्या आजाराचं नाव लावून घ्यावं लागत नाही. कामावरून सुटल्यावर, संध्याकाळी किंवा शनिवारी वेळ मागता येते. समोर बसणारी व्यक्ती पुष्कळदा स्वतः फौजेतून आलेली असते.

गुप्ततेचं तर त्याला पहिल्या वाक्यात सांगा. व्हेट सेंटरच्या नोंदी वेगळ्या ठेवतात. त्याने लेखी संमती दिल्याशिवाय त्या त्याच्या जुन्या पलटणीला, संरक्षण खात्याला, इतकंच काय व्हीएच्याच दुसऱ्या कार्यालयालाही दिसत नाहीत. अपवाद एकच, कुणाच्या जिवावर बेतलं असेल तर. गार्डमध्ये आपल्या नावापुढे काही शेरा लागू नये, उद्या पोलिसात किंवा सरकारी नोकरीत अर्ज करायचा तर आड येऊ नये, ही भीती या मुलांना फार असते आणि मुलं ती बोलून दाखवत नाहीत.

आता त्याच्या त्या वाक्याकडे येते, कारण खरी अडचण तिथेच आहे.

‘मी कुठे युद्धावर गेलो होतो?’ यात थोडा राग आहे, थोडी लाज आहे आणि पुष्कळसा प्रामाणिकपणा आहे. इराक-अफगाणिस्तानात जाऊन आलेली मुलं त्याने पाहिली आहेत. त्यांच्या रांगेत आपण उभं राहणं त्याला बरोबर वाटत नाही. ‘तूही तेवढंच सोसलंस रे’ असं म्हणून त्याची समजूत काढायला जाऊ नका. तो ते मानणार नाही, आणि तुलना सुरू झाली की त्यात हरायची त्याने तयारीच ठेवलेली आहे. त्यापेक्षा त्याला हे सांगा की कोणाला आत घ्यायचं याची रेषा या देशाने स्वतःच पुन्हा पुन्हा पुसून पुढे सरकवली आहे.

याची सुरुवात तुमच्याच शहरात झाली. १९७०च्या अखेरीस व्हिएतनामहून परतलेले काही जवान न्यूयॉर्कमध्ये दर आठवड्याला एकत्र बसायला लागले. इस्पितळांवर त्यांचा विश्वास नव्हता. रॉबर्ट जे लिफ्टन आणि हाइम शातान हे दोन मनोविकारतज्ज्ञ त्यांच्याबरोबर बसत, पण तिथे डॉक्टर आणि रोगी अशी मांडणी नव्हती, माणसं आपापसांत बोलत. अशा बैठका इतर शहरांतही सुरू झाल्या. १९७९मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, कायदा करून व्हेट सेंटरं उघडली. त्या वेळी व्हीएचे प्रमुख मॅक्स क्लीलँड होते. व्हिएतनाममध्ये त्यांचे दोन्ही पाय आणि एक हात गेला होता. लक्षात घ्या, ‘पीटीएसडी’ (आघातानंतर मनात राहून जाणारा ताण) हे निदान अमेरिकी मनोविकारशास्त्राच्या अधिकृत पुस्तकात आलं ते १९८०मध्ये. म्हणजे आजाराला पुस्तकात जागा मिळण्याच्या एक वर्ष आधी सैनिकांसाठी दार उघडलं होतं.

पण ते दार तेव्हा फक्त व्हिएतनामच्या काळातल्या सैनिकांसाठी होतं. आखाती युद्धानंतर, १९९१मध्ये, पुढच्या लढायांतल्या सैनिकांना आत घेतलं. दुसरं महायुद्ध आणि कोरिया लढलेल्या म्हाताऱ्यांना तर १९९६पर्यंत थांबावं लागलं. सैन्यात असताना लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्री-पुरुषांसाठी वाट झाली, कामी आलेल्या सैनिकांच्या घरच्यांसाठी झाली. आणि २०१३मध्ये जे झालं ते ओंकारला जरूर सांगा. त्या वर्षीच्या कायद्याने दोन नव्या गटांना घेतलं. एक, अमेरिकेत खुर्चीत बसून हजारो मैलांवरचं ड्रोन चालवणारे. दुसरे, युद्धातल्या जखमींवर तातडीचे उपचार करणारे आणि मृतांचे देह सांभाळणारे.

डेलावेअरमध्ये डोव्हरला हवाई दलाचा तळ आहे. परदेशात कामी आलेल्या सैनिकाचा देह आधी तिथे येतो. तिथली मुलं-मुली तो स्वच्छ करतात, गणवेश चढवतात, पदकं जागच्या जागी लावतात. अंगावरच्या, खिशातल्या वस्तूंची यादी होते आणि त्या घरी पाठवल्या जातात. यातल्या कित्येकांनी युद्धभूमी पाहिलेलीही नसते. तरीही कायद्याने मानलं की हे काम माणसाच्या आत काहीतरी ठेवून जातं आणि त्यावर बोलायला त्याला हक्काची जागा हवी. ओंकारने ब्रूकलिन-क्वीन्सच्या जिन्यांत केलं ते याच जातीचं काम. फरक एवढाच की डोव्हरच्या मुलांना आधी शिकवलेलं असतं, त्यांच्या पाठीशी एक व्यवस्था उभी असते. ओंकारला त्या मार्चमध्ये किती दिवसांचं शिक्षण मिळालं असेल, याची मला कल्पना करवत नाही. आणि डोव्हरला कुटुंब समोर नसतं. तो मात्र लोकांच्या घरात शिरला. भिंतीवरचे फोटो, ओट्यावरचा कप, कोपऱ्यात उभी असलेली बायको किंवा मुलगी, हे सगळं बघत त्याला काम करावं लागलं.

२०२०चा कायदा आला तो या पायरीच्या पुढे. आणि डिसेंबर २०२२मध्ये आणखी एका कायद्याने व्हीएची शैक्षणिक मदत घेऊन शिकणाऱ्यांनाही आत घेतलं. ओंकार त्या मदतीवर पुढे शिकायचं म्हणत असेल तर त्याला आणखी एक आधार मिळतो.

कुणाचं तरी दान घेतोय असं त्याला वाटू देऊ नका. या कायद्यांमागे आई-बाप आहेत, ताई. जोशुआ ऑम्विग हा आयोवाचा मुलगा राखीव दलातून इराकला जाऊन आला आणि २००५च्या डिसेंबरमध्ये त्याने जीव दिला. त्याच्या आई-वडिलांनी पाठपुरावा केला आणि २००७मध्ये त्याच्या नावाचा कायदा झाला. क्ले हंट हा मरीन २०११मध्ये गेला, अठ्ठावीस वर्षांचा. त्याची आई सूझन सेल्की सिनेटच्या समितीपुढे बसून बोलली. २०१५च्या फेब्रुवारीत त्याच्या नावाच्या कायद्यावर सही झाली, त्याआधी प्रतिनिधीगृहात ४०३ विरुद्ध शून्य आणि सिनेटमध्ये ९९ विरुद्ध शून्य मतं पडली होती. माँटानाचे जॉन स्कॉट हॅनन, २३ वर्षं नेव्ही सील (नौदलाचे कमांडो), २०१८मध्ये गेले. त्यांच्या नावाचा कायदा १७ ऑक्टोबर २०२०चा, आणि ओंकारच्या उपयोगाचा कायदा त्याच महिन्यातला. आपलं माणूस गेल्यावर कागद घेऊन राजधानीच्या पायऱ्या चढलेल्या या लोकांनी ही सोय केली ती दुसऱ्याचं माणूस वाचावं म्हणून. ती न वापरण्यात कुणाचाच मान राहत नाही.

आता त्याच्याशी बोलायचं कसं.

सगळ्यांत आधी, तुम्ही जे पाहिलं तेच बोला. ‘तुला काहीतरी झालंय’, ‘तू पूर्वीसारखा राहिला नाहीस’ ही वाक्यं टाळा, त्यांच्यापुढे तो दार लावून घेईल. ‘जिन्यात तू श्वास रोखतोस, मला दिसतं,’ एवढंच म्हणा आणि गप्प बसा. ती शांतता भरून काढायची घाई करू नका. त्याने ‘काही नाही गं’ म्हटलं तर त्या दिवशी तिथेच सोडा. आईने पाहिलंय, हे त्याला कळलं, पहिल्या दिवसाचं काम तेवढंच. समोरासमोर बसवून बोलण्यापेक्षा गाडीत, शेजारी शेजारी बसून बोलणं अशा मुलांना सोपं जातं. सणावाराला, चार नातेवाईक जमलेले असताना तर हा विषय नकोच.

त्याने काय पाहिलं ते खोदून विचारू नका. कदाचित तो स्वतः सांगेल, कदाचित तुम्हाला कधीच सांगणार नाही, कारण तुम्हाला ते ऐकावं लागू नये असंच त्याला वाटत असेल. त्याचा मान ठेवा. तो मला न सांगता दुसऱ्या कुणाला सांगेल, हे आईला पचवायला जड जातं. पण तेच तर आपल्याला हवं आहे.

मग दोन-चार दिवसांनी कायद्याची गोष्ट काढा. ‘तुला त्या फोनवर सांगितलं ते इस्पितळाबद्दल होतं. व्हेट सेंटरचा नियम वेगळा आहे, आणि त्यात गव्हर्नरच्या हुकमावर काम केलेले गार्डवाले नावासकट आहेत.’ हे त्याला फोनवर पाठवून ठेवलंत तरी चालेल. ही पिढी समोर ‘हो’ म्हणत नाही, रात्री एकटी बसून वाचते. व्हेट सेंटरांचा चोवीस तास चालणारा नंबर आहे ८७७-९२७-८३८७, तिथे बोलणारे स्वतः सैनिक किंवा सैनिकांच्या घरचे असतात. पहिला फोन तुम्ही लावून त्याच्या हातात दिलात तर उत्तम. जवळच्या केंद्रापर्यंत सोबत जा, हवं तर बाहेर गाडीत थांबा. एवढं अंतर एकट्याने चालणं हाच भाग पुष्कळांना सगळ्यात कठीण जातो.

पहिल्या भेटीत कुणी त्याला ते दिवस पुन्हा जगायला लावत नाही. झोप कशी आहे, काम कसं चाललंय, घरी कोण आहे, अशा गप्पा होतात. पुढे त्याच्याशी बोलून काय ते ठरतं. एकट्याने बसायचं, गटात बसायचं, की तुम्हा घरच्यांना काही वेळा सोबत घ्यायचं, हे सगळं तिथे होऊ शकतं. घरच्यांना बरोबर घेतल्याने त्याला मदत होणार असेल तर त्यांनाही तिथे समुपदेशन मिळतं. गोळ्या-औषधं मात्र तिथे देत नाहीत. लागली तर पुढे पाठवतात. पत्रावरून मी निदान करणार नाही, करूही नये. पण जिना टाळणं, झोप न लागणं, कुणी गेल्याची बातमी आली की लांब पळणं, या गोष्टी समुपदेशकाला नव्या नाहीत आणि त्यांवर चांगले, पारखलेले उपचार आहेत. एका उपचारात साधारण बारा बैठकांमध्ये त्या प्रसंगाबद्दल मनात रुजलेले ठाम समज (‘मी उशिरा पोचलो’, ‘मी नीट धरलं नाही’) एकेक करून तपासतात. दुसऱ्यात, टाळलेल्या गोष्टींकडे हळूहळू, आधार घेत परत जायला शिकवतात. ओंकारच्या बाबतीत तो बहुधा जिनाच असेल.

माणसासमोर बसायची त्याची अजून तयारी नसेल, तर व्हीएचं ‘पीटीएसडी कोच’ नावाचं फुकट ॲप आहे. नाव-गाव द्यावं लागत नाही. आणि न्यूयॉर्क राज्यात २०१२पासून जोसेफ ड्वायर या सैनिकाच्या नावाने एक उपक्रम चालतो, त्यात माजी सैनिकच माजी सैनिकांना भेटतात. फॉर्म कमी, कॉफी जास्त, असं त्याचं स्वरूप. त्याच्या पथकातल्या एखाद्या मुलाचा नंबर तुमच्याकडे असेल तर त्यालाही एक फोन करा. त्या जिन्यांत ओंकारबरोबर जो होता, त्याचा शब्द तुमच्या-माझ्या शब्दापेक्षा वजनदार ठरेल.

एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिली नाहीत, पण मला विचारायलाच हवी. जगण्याचा कंटाळा आलाय, मी सगळ्यांना ओझं झालोय, असं काही तो बोलतो का? दारू वाढली आहे का? आपल्या वस्तू देऊन टाकतो का? शंका आली तर आडवळणाने नको, सरळ विचारा : ‘जीव द्यावा असं मनात येतं का रे?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट विचारणारं कुणीतरी आहे, याचाच आधार होतो. उत्तर ‘हो’ असेल तर ९८८ फिरवून १ दाबा. हा सैनिकांसाठीचा वेगळा मार्ग आहे, गार्डवाल्यांसाठी आहे आणि तुमच्यासारख्या घरच्यांसाठीही आहे. कुठेही नोंदणी असायची गरज नाही. फोनवर बोलवत नसेल तर ८३८२५५ वर मेसेज करता येतो. लगेच धोका दिसला तर जवळच्या कुठल्याही इस्पितळाच्या इमर्जन्सीत न्या. तिथे सेवेचा प्रकार, टायटल, ८९ दिवस की ९०, याचा त्या घडीला विचार करू नका. घरात किंवा त्याच्याकडे बंदूक असेल तर ती काही काळ दुसरीकडे ठेवायची किंवा कुलपात घालून किल्ली तुमच्याकडे ठेवायची, हे त्याच्याशी मोकळेपणाने बोलून ठरवा.

तुम्हीही थकलेल्या आहात, हे पत्रातून दिसतं. ‘कोचिंग इनटू केअर’ ही व्हीएची फोनसेवा खास घरच्यांसाठी आहे. आपल्या माणसाला मदतीपर्यंत आणायचं कसं, कुठल्या शब्दांनी बोलायचं, त्याने झिडकारलं तर पुढे काय, हे ते तुमच्याशी बसून ठरवतात, गरज असेल तर पुन्हा पुन्हा. नंबर ८८८-८२३-७४५८, सोमवार ते शुक्रवार. ओंकार तयार होण्याची वाट न बघता हा फोन तुम्ही उद्याच करू शकता.

त्याच्या बाबांबद्दल. ‘काळ हेच औषध’ हे ते निर्दयपणे म्हणत नसणार. मुलाला काय झालंय हे न कळणाऱ्या बापाला दुसरं काही सुचत नाही. पण एवढी वर्षं गेली, आणि जिना होता तिथेच आहे. त्यांना एक काम द्या, जे तुम्ही करू शकणार नाही. आपल्याकडे कुणी गेलं की शेजारपाजारचे धावतात, खांदा द्यायला माणसं कमी पडू नयेत हे बघतात. अनोळखी माणसालाही खांदा देणं हे पुण्याचं मानतात. त्या मार्च-एप्रिलमध्ये या शहरात कित्येकांना खांदा द्यायला कुणी येऊ शकत नव्हतं, पोटची मुलंसुद्धा नाहीत. तुमच्या मुलाने तो दिला. एकवीस वर्षांच्या वयात, रोज, अनोळखी माणसांना. हे त्याच्या बाबांनी त्याला एकदा तोंडाने सांगावं. त्याच्यात काय बिघडलंय याची चर्चा बापाकडून त्याने ऐकली असेल, पण आपण केलं ते काय होतं, हे बहुधा अजून कुणाकडूनच ऐकलेलं नाही.

राहिले कागद. गार्डमधून बाहेर पडताना त्याला एनजीबी २२ नावाचा फॉर्म मिळाला असेल, केंद्राच्या हुकमावर पुरेसे दिवस भरले असतील तर डीडी २१४ असेल, आणि २०२०च्या बोलावण्याचे हुकूम असतील. यातलं जे हाताशी असेल ते घेऊन जा. पुन्हा कुणी ‘तुम्ही व्हेटरन नाही’ म्हणालं तर वाद न घालता एवढंच सांगा : ‘आम्हाला इस्पितळ नको, व्हेट सेंटर हवंय. नॅशनल गार्ड, कोविड आपत्ती, न्यूयॉर्क, २०२०.’ तरीही अडलं तर तुमच्या भागाच्या काँग्रेस प्रतिनिधीच्या स्थानिक कार्यालयात जा. केंद्रीय खात्यांत अडकलेली लोकांची कामं सोडवायला तिथे माणूस नेमलेला असतो आणि त्याच्या चौकशीला खात्याला उत्तर द्यावं लागतं. आणि एखादा फॉर्म सापडत नाही म्हणून जाणं पुढे ढकलू नका. कागद मिळवायला व्हेट सेंटरमधलीच माणसं मदत करतात.